म्हातारपणाची भिस्त कोणावर?

"पेन्शन नाही, पण तीन मुलगे आहेत." आपल्या वस्तीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला म्हातारपणाची काय सोय केली असे विचारले की बहुधा हेच उत्तर मिळते. उत्तर देताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असते. मुले शिकली, नोकरीधंद्याला लागली, आता काळजी कसली? परंतु तीन मुलगे असणे आणि दरमहा ठरलेल्या तारखेला हातात पैसे पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेच्या काउंटरवर बसून मी नोकरी करतो आणि या दोन गोष्टींमधले अंतर मला रोज पाहावे लागते. म्हणून प्रस्तुत लेखासाठी हाच विषय निवडला आहे. वृद्ध आईवडिलांनी पैशासाठी कमावत्या मुलांवर विसंबून राहावे काय?

हा प्रश्न चारचौघांत काढला की दोन उत्तरे लगेच येतात. एक म्हणजे, "आईबापाला सांभाळणे हे मुलांचे कर्तव्यच आहे, त्यात विचारायचे काय?" दुसरे म्हणजे, "ज्याने त्याने आपली सोय आपण करावी, मुले म्हणजे काही विम्याची पॉलिसी नव्हे." दोन्ही उत्तरे देणारी माणसे बहुधा आपापल्या सोयीने बोलतात. माझ्या मते या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही, कारण आपल्या समाजात आज दोन अगदी वेगळ्या पिढ्या शेजारी शेजारी राहत आहेत. जे आज सत्तरीच्या पुढे आहेत त्यांचा हिशेब वेगळा आणि जे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांचा वेगळा.

आधी थोरल्या पिढीविषयी. या पिढीच्या आईवडिलांनी महारकी पाहिलेली होती. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. तोपर्यंत रात्री-अपरात्री बोलावणे येईल तेव्हा धावायचे आणि बदल्यात तुटपुंजे बलुते घ्यायचे, अशी ती रीत होती. त्यातून बाहेर पडून कोणी गिरणीत लागले, कोणी गोदीत, कोणी रेल्वेत, कोणी नगरपालिकेच्या सफाई खात्यात. हातात रोख पगार पडू लागला तो अशा प्रकारे. त्या पगाराचे त्यांनी काय केले? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय आणि औरंगाबादला १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभे केले. मुलांना शिकवायचे हा एकच ध्यास त्यांच्यापासून या लोकांनी घेतला आणि जे मिळाले ते वह्या-पुस्तकांत, फीमध्ये, वसतिगृहाच्या खर्चात घातले. गावाकडच्या भावाच्या मुलालाही खोलीत ठेवून शिकवले. १९८२ च्या जानेवारीत मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, हजारो कामगार त्यानंतर पुन्हा कामावर गेलेच नाहीत, तरीही कित्येक घरांत मुलाचे शिक्षण सुटू दिले नाही. आईने चार घरची धुणीभांडी धरली, पण शाळा सोडवली नाही.

अशा माणसाला आज त्याच्याच शिकलेल्या मुलाने "तुम्ही त्या वेळी चार पैसे का टाकले नाहीत?" असे विचारणे मला अन्यायाचे वाटते. त्यांनी पैसे टाकले होते. ते पदवीच्या रूपाने मुलाच्या नावावर जमा आहेत, त्याचे पासबुक निघत नाही एवढेच. म्हणून या पिढीच्या बाबतीत मला शंका नाही. त्यांनी मुलांवर विसंबून राहावे, आणि मुलांनी जे द्यायचे ते जुने येणे चुकवतो आहोत या भावनेने द्यावे.

कायदाही हेच सांगतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ सालचा. त्यात बौद्धांचाही समावेश आहे. त्याच्या कलम २० प्रमाणे वृद्ध किंवा अपंग आईवडिलांना, त्यांना स्वतःचे साधन नसल्यास, सांभाळण्याची जबाबदारी मुलगा आणि मुलगी या दोघांवर आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमातही आईवडिलांना पोटगी मागण्याची सोय होती. आता तीच तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. लग्न झालेल्या मुलीचे काय, हा प्रश्न कल्याणच्या न्यायालयात निघालेल्या एका खटल्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुलगी डॉक्टर होती. मुलगी लग्न होऊन गेली तरी ती मुलगीच राहते आणि तिचे स्वतःचे उत्पन्न असेल तर वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी तिच्यावरही येते, असा निकाल १९८७ साली लागला. "मुलगी परक्याचे धन" म्हणणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा, आणि मुलीला वारसाहक्कात डावलून म्हातारपणी तिच्या दारात जाणाऱ्यांनीही.

पुढे २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम आला. त्याचे न्यायाधिकरण आपल्याकडे प्रांताधिकाऱ्यांकडे असते. साधा अर्ज करायचा, वकील लावायचा नसतो, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा अशी तरतूद आहे. दरमहा कमाल १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मंजूर होऊ शकतो. एकाच मुलावर अर्ज केला असेल तर तो इतर भावंडांनाही त्यात सामील करून घेऊ शकतो. असा चांगला कायदा असूनही आपली माणसे तिकडे फिरकत नाहीत, याचे कारण उघड आहे. मुलाविरुद्ध कागद करायला आईचा हात धजत नाही. तो कायदा शेवटच्या टोकाचा आहे. त्या टोकापर्यंत जायची वेळ का येते, हे पाहिले पाहिजे.

तथागतांनी राजगृह येथे सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला जो उपदेश केला तो दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आहे. आपल्यापैकी पुष्कळांना तो ठाऊक आहे, परंतु तो अर्धाच सांगितला जातो. मुलाने आईवडिलांचे पोषण करावे, हे पहिले कर्तव्य सर्वांच्या तोंडपाठ असते. त्याच सुत्तात आईवडिलांचीही पाच कर्तव्ये आहेत. मुलांना वाईटापासून दूर ठेवावे, चांगल्याकडे वळवावे, धंदा-शिल्प शिकवावे, योग्य ठिकाणी विवाह करून द्यावा आणि योग्य वेळी वारसा सोपवावा. या "योग्य वेळी" शब्दांवर मी थांबतो. आपले सर्व काही मुलांच्या नावे करून स्वतः मोकळ्या हाताने बसावे, असे त्यात कोठेही नाही. आणि त्याच उपदेशात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे आहे. एक भाग स्वतःच्या चरितार्थासाठी, दोन भाग व्यवसायासाठी आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात आंधळ्या आईवडिलांची सेवा करणाऱ्या श्यामाची जातककथा रंगवलेली आहे. ती पाहून आपण गहिवरतो, पण चौथ्या भागाची आठवण काढत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही गोष्टी एकाच धम्माने सांगितलेल्या आहेत.

आता काउंटरवरून जे दिसते ते सांगतो. नोव्हेंबर महिना आला की पेन्शनर मंडळी हयातीच्या दाखल्यासाठी येतात. त्यांत काही आजी असतात. यजमान रेल्वेत किंवा नगरपालिकेत होते, त्यांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन सुरू आहे. अशा आजीबरोबर सून येते, नातू येतो. आजी नातवाच्या फीचे पैसे काढून देते आणि उरलेल्यातून औषधे घेते. घरात तिचे मत विचारले जाते. दुसऱ्याही आजी येतात. त्यांच्या खात्यात फक्त श्रावणबाळ योजनेचे पैसे जमा होतात. त्या एकट्याच येतात, खांबाशी बसतात आणि विचारतात, "निराधारचा पगार आला का, साहेब?" आला नसेल तर दोन दिवसांनी पुन्हा येतात. मुलगे दोघींनाही आहेत, आणि दुसरीचे मुलगे पहिलीच्या मुलांपेक्षा वाईट आहेत असे मला वाटत नाही. फरक एवढाच की एकीच्या हातात स्वतःचे पैसे आहेत आणि दुसरीला ते मागावे लागतात. दहा-वीस रुपयांसाठी मुलापुढे हात करावा लागला की आधी औषध टळते, मग चष्मा टळतो, मग माहेरच्या लग्नाला जाणे टळते. आईवडील अर्धपोटी राहत नसतील, पण गरज बोलून दाखवणे ते सोडून देतात. मुलाला मात्र खरोखर वाटत असते की आईला काही कमी नाही.

म्हणून मुलांनी द्यायचे ते कसे द्यावे, याला मी किती द्यावे याइतकेच महत्त्व देतो. आईच्या एकटीच्या नावाने बचत खाते काढावे. आपल्या पगाराच्या खात्यावरून दरमहा ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम तिकडे वर्ग होईल अशी स्थायी सूचना बँकेला द्यावी. फॉर्म एका पानाचा असतो. आणि ते एटीएम कार्ड आईच्याच पेटीत राहू द्यावे. मुलाच्या खिशात आईचे कार्ड, हे दृश्य आमच्याकडे फार नेहमीचे झाले आहे. त्यात दर वेळी लबाडी असतेच असे नाही, पुष्कळदा ती सोय असते, परंतु ज्या पैशाला आपला हात लागत नाही तो आपला वाटत नाही. त्या पैशाचा हिशेब विचारू नये. तिने तो भाचीच्या बारशाला दिला तरी विचारू नये.

भावंडांमधल्या वाटणीवरून सर्वात जास्त कटुता होते. एक सरकारी नोकरीत, एक रिक्षा चालवतो, एक कंत्राटी कामावर, असे आपले नेहमीचे घर. एकतर सारा भार नोकरीवाल्यावर पडतो, नाहीतर "तिघांनी सारखे द्यावे" असा वरवर न्यायाचा वाटणारा निर्णय होतो आणि रिक्षावाला भाऊ दोन महिन्यांत मागे पडतो. मग बोलणी सुरू होतात. सारखे देण्यापेक्षा मिळकतीच्या प्रमाणात देणे बरे. एकाला ६०,००० मिळतात, दुसऱ्याला २०,००० आणि तिसऱ्याला १०,०००, आणि आईवडिलांचा खर्च ९,००० असेल, तर प्रत्येकाने दहावा हिस्सा द्यावा. म्हणजे ६,०००, २,००० आणि १,०००. कमावती बहीण असेल तर तीही याच हिशेबात यावी. आणि ज्याच्या घरी आईवडील राहतात त्याच्याकडून रोख थोडी कमी घ्यावी, कारण तेथे सूनबाई रोज जे करते त्याचा भाव कोणी लावत नाही. रात्री दोनदा उठून सासऱ्याला हात धरून नेणारी ती असते, आणि सणाला पाच हजार आणून देणाऱ्या परगावच्या दिराचे कौतुक होते. हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

घराविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. निवृत्त झाल्यावर राहते घर किंवा गावची जमीन मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्याची घाई करू नये. महाराष्ट्रात मुलाला किंवा मुलीला राहते घर किंवा शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये असल्याने हे कागद सर्रास होतात. बक्षीसपत्र नोंदले की मालकी त्याच दिवशी गेली. मृत्युपत्र मात्र मृत्यूनंतर अमलात येते, हयातीत कितीही वेळा बदलता येते, त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. तेव्हा द्यायचेच असेल तर मृत्युपत्र करावे. काही कारणाने बक्षीसपत्रच करावे लागले, तर "देणाऱ्याच्या हयातीपर्यंत सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द कागदात असलेच पाहिजेत. २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अशी अट मोडल्यास तो व्यवहार रद्द करून घेता येतो. अट नसेल तर या कलमाचा लाभ मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने हा कायदा वृद्धांच्या बाजूने उदारपणे वाचावा असे म्हटले आहे, पण न्यायालयाच्या उदारपणावर विसंबण्यापेक्षा दोन ओळी जास्त लिहिलेल्या बऱ्या.

जामीनदारीचेही तसेच. मुलाच्या धंद्याच्या कर्जाला निवृत्त वडील जामीन राहतात. कर्ज थकले तर बँक कर्जदाराकडे जितक्या हक्काने मागते तितक्याच हक्काने जामीनदाराकडे मागते. हे सही करताना आम्ही सांगतो, पण त्या वेळी ऐकायला कोणी तयार नसते.

आता आमच्या पिढीकडे येतो. येथे माझे उत्तर उलटे आहे. जे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि ज्यांना दरमहा काहीतरी ठरलेली मिळकत आहे, त्यांनी मुलांवर भिस्त ठेवू नये. कारण सरळ आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत १ जानेवारी २००४ नंतर आणि महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली आणि नवी अंशदायी योजना आली. तिच्यात फेरबदल चालू आहेत. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शनचा पर्यायही दिला आहे. सरकारी बँकांत ही रेघ १ एप्रिल २०१० ला पडली. मी त्या रेघेच्या अलीकडचा. शेजारच्या काउंटरवर माझ्याहून ज्येष्ठ सहकारी बसतात, काम तेच, पण त्यांना पेन्शनचा आकडा आज माहीत आहे आणि मला नाही. कारखान्यांत व खाजगी कंपन्यांत तर १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेवर कित्येकांची मदार आहे. तिच्यात सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन महिना १,००० रुपये ठरली. एक हजार रुपयांत काय येते ते प्रत्येकाला माहीत आहे.

आणि ज्या मुलांवर आपण विसंबणार त्यांचे काय? आपल्या वडिलांच्या वेळी शिकलेला मुलगा राखीव जागेवर कायम नोकरीला लागण्याची शक्यता तरी होती. आज पदवी घेतलेला मुलगा अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असतो. त्याचे घरकर्ज, शैक्षणिक कर्ज आणि त्याच्या मुलांची फी चालू असते. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतो, म्हणजे कित्येकदा बापाच्या निवृत्तीनंतरही हप्ते बाकी असतात. अशा मुलाच्या पगारातला आपला भाग आजच मनात धरून ठेवणे म्हणजे त्याच्यावर न सांगता कर्ज चढवणे होय. शिवाय आयुष्यही वाढले आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते, आज ते सत्तरीच्या घरात आहे. साठीला निवृत्त झालेल्याला आणखी वीस-पंचवीस वर्षे काढायची असतात. तोवर त्याचा मुलगाही निवृत्तीला आलेला असतो.

थोडे आकडे मांडतो. महिन्याला १,००० रुपये बाजूला टाकले आणि सात टक्के व्याज महिन्याच्या चक्रवाढीने मिळाले असे धरले, तर दहा वर्षांत सुमारे १ लाख ७३ हजार होतात, वीस वर्षांत सुमारे ५ लाख २० हजार. मुदत दुप्पट, रक्कम तिप्पट. लवकर सुरुवात करा असे बँकवाले का सांगतात ते यात आहे. अटल पेन्शन योजना २०१५ साली सुरू झाली. १८ ते ४० वयापर्यंत तीत शिरता येते आणि साठीनंतर १,००० ते ५,००० रुपये पेन्शन मिळते. ५,००० च्या पेन्शनसाठी अठराव्या वर्षी शिरणाऱ्याला महिना २१० रुपये भरावे लागतात, चाळिसाव्या वर्षी १,४५४. पेन्शनरामागे पती किंवा पत्नीला तीच पेन्शन चालू राहते. प्राप्तिकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून यात प्रवेश नाही, परंतु घरकाम करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींसाठी ती आहे. मात्र ती पुरेल असे मी सांगणार नाही. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर वीस वर्षांनंतरच्या १,००० रुपयांत आजच्या ३१०-३१५ रुपयांएवढाच माल येईल. ही पेन्शन औषधापुरती धरावी.

ज्यांच्या हातात महिनाअखेर शंभर रुपयेही उरत नाहीत त्यांना बचतीचा उपदेश करणे मात्र मला जमत नाही. त्यांच्यासाठी मुले आहेत आणि शासन आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य मिळण्याची तरतूद करावी असे शासनाला सांगितले आहे, त्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. त्या मर्यादेचे आपल्याकडचे रूप म्हणजे श्रावणबाळ योजना. पासष्ट वर्षांवरील निराधारांना तीत २०२३ पासून १,००० ऐवजी १,५०० रुपये मिळू लागले. पण त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवे, म्हणजे महिन्याला १,७५०. मुलाच्या हाताला थोडे जरी काम असले तरी हा आकडा ओलांडला जातो. शासनच येथे धरून चालते की मुलगा कमावतो आहे तर तो सांभाळणारच. योजनेचे नावही त्याला साजेसेच ठेवले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला दोन गोष्टी एकदम कराव्या लागणार आहेत. पहिल्या पगारापासून घरी ठराविक रक्कम पाठवायची आणि त्याच पगारातून स्वतःच्या म्हातारपणासाठीही काढायची. तुमच्या आधीच्या पिढीने पहिले केले आणि दुसरे राहिले. हे जड आहे याची मला कल्पना आहे. पण सुरुवातीलाच दोन्ही सूचना बँकेत देऊन ठेवल्या तर हातात येते ती उरलेली रक्कमच आपला पगार वाटू लागते. घरी किती द्यायचे ते आईवडिलांशी बसून एकदा बोलून घ्या. ही बोलणी आपल्याकडे लाजेखातर होत नाहीत आणि लग्नानंतर ती आणखी अवघड होतात.

राहता राहिला दवाखाना. दरमहाचा खर्च कसाही भागतो, पण एका शस्त्रक्रियेने मुलाची आणि बापाची अशी दोघांचीही शिल्लक जाते. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळू लागले आहे. त्यासाठी आधार कार्डावर नोंदणी करून स्वतंत्र कार्ड काढावे लागते. आपल्या वस्तीत सत्तरीच्या पुढची कित्येक माणसे आहेत ज्यांनी ते काढलेले नाही, कारण मुलाला रजा नाही आणि मोबाईलवरचे त्यांना समजत नाही. संस्थेच्या विद्यार्थ्यांनी दोन रविवार विहारात बसून ही नोंदणी करून दिली, आणि त्याच बैठकीत ज्यांच्या नावावर बचत खाते नाही त्या आयांचे अर्ज भरून घेतले, तर ते फॉर्म सोमवारी शाखेत आणण्याचे काम मी करीन.